कुंडीतला थंड चहा आणि ह्यूमसचा वाद

पातेल्यात उरलेला चहा मोरीत न ओतता कुंडीत ओतणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. गुलाबाच्या बुडाशी गाळणीतला चोथा टाकण्याची रीत तर बरीच जुनी. अलीकडे खिडकीत आणि गॅलरीत मांसल पानांच्या वनस्पती दिसू लागल्या, तेव्हा कोरफड, पानफुटी, लहान निवडुंग यांच्याही वाट्याला हा थंड चहा येऊ लागला. असे का करता, म्हणून विचारले तर उत्तर बहुधा एकच मिळते : "चहात सत्त्व असते, ते झाडाला मिळते."

या उत्तरातला 'सत्त्व' हा शब्द विचार करण्याजोगा आहे. पानाचा अर्क पाण्यात उतरतो, पाणी गडद होते आणि ते गडद पाणी झाड मुळांवाटे पिते, अशी ही कल्पना आहे. तिला अडाणीपणा म्हणून हसण्याचे कारण नाही. युरोपातील नामवंत शेतीतज्ज्ञांनी ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शास्त्र म्हणून शिकवली आहे. ती मागे कशी पडली, हे पाहिले म्हणजे चहाच्या कुंडीचा निवाडा करणेही सोपे होते.

गोष्टीची सुरुवात आपल्या पाठ्यपुस्तकांतून परिचित असलेल्या व्हॅन हेल्मॉन्टपासून करावी लागते. त्याने २०० पौंड वाळवलेली माती मोठ्या कुंडीत घालून तीत ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले. पाच वर्षे फक्त पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी घातले. पाच वर्षांनी झाड १६९ पौंड आणि सुमारे ३ औंस भरले. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती अवघी २ औंस कमी झाली होती. लाकूड, साल, मुळे हे सारे पाण्यापासूनच झाले, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, हा वृत्तांत छापला गेला. निष्कर्ष चुकला, हे आज आपण जाणतो. हवेचा हिशेब त्याने धरलाच नव्हता आणि ते दोन औंस त्याने किरकोळ मानून सोडून दिले. पण झाडाला 'खायला' काय लागते हा प्रश्न वादाने न सोडवता तराजूने सोडवायचा, ही वाट मात्र त्याने घालून दिली.

त्या वाटेवरचा पुढचा प्रयोग आपल्या चहाच्या प्रश्नाला इतका जवळचा आहे की, तो शाळेत का सांगितला जात नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. लंडनच्या जॉन वुडवर्ड याने १६९१-९२ मध्ये पुदिन्याच्या जातीची रोपे मातीशिवाय, नुसत्या पाण्याच्या बाटल्यांत वाढवली. बाटल्यांत पाणी मात्र वेगवेगळे होते. एकीत पावसाचे, एकीत थेम्स नदीचे, काहींत हाइड पार्कच्या नळातले. एका बाटलीत नळाच्या याच पाण्यात दीड औंस बागेतली काळी माती कालवली होती. लावण्यापूर्वी रोपे तोलली, नंतर पुन्हा तोलली आणि दरम्यान पाणी किती खर्ची पडले तेही मोजले. १६९९ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने आकडे दिले. पावसाच्या पाण्यातले रोप साडेसतरा ग्रेनने वाढले (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम), तर नदीच्या पाण्यातले २६ ग्रेनने. पुढच्या वर्षीच्या तुकडीत नळाच्या पाण्यातल्या एका रोपाची वाढ १३९ ग्रेन झाली आणि माती कालवलेल्या पाण्यातल्या एका रोपाची २८४ ग्रेन.

पाणी जितके 'मळके', तितकी वाढ अधिक! हेल्मॉन्टचे मत येथे ढासळले. नुसत्या पाण्याने झाड होत असते, तर चारही पाणी सारखीच ठरायला हवी होती. वुडवर्डने निष्कर्ष काढला की वनस्पतीचे शरीर पाण्याचे नसून पाण्यातून आलेल्या पार्थिव द्रव्याचे बनते, आणि पाणी हे त्या द्रव्याचे केवळ वाहन आहे.

येथे थोडे थांबू. वर्गात हे आकडे फळ्यावर लिहून "दुप्पट वाढ कशामुळे झाली?" असे विचारले, तर बहुतेक विद्यार्थी "काळ्या मातीतल्या सत्त्वामुळे" असेच म्हणतील, आणि वुडवर्डच्या प्रयोगातून त्यांना खोडून काढता येणार नाही. बागेतल्या काळ्या मातीत दोन गोष्टी एकत्र असतात. एक म्हणजे कुजलेल्या पानापाचोळ्याचा काळा-तपकिरी भाग, ज्याला ह्यूमस म्हणतात. दुसरी म्हणजे विरघळणारे क्षार, जे डोळ्यांना दिसतच नाहीत. वाढ यांपैकी कोणामुळे झाली, हे ठरवायचे तर दोघांना वेगळे करून तपासायला हवे. वुडवर्डने ते केले नाही आणि पुढची शंभरावर वर्षे ते कोणी नीटपणे केले नाही. दिसणाऱ्या गोष्टीला श्रेय मिळाले, न दिसणारी मागे राहिली.

दरम्यान हवेचा हिशेब लागू लागला. १७७९ मध्ये इंगेनहाउसने दाखवले की हवा शुद्ध करण्याचे काम वनस्पतीचे हिरवे भागच करतात आणि तेही सूर्यप्रकाशातच. जिनिव्हाच्या सोस्यूरने १८०४ च्या आपल्या ग्रंथात काटेकोर मोजमापे देऊन सांगितले की, वनस्पतीतला बहुतेक कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो, तिच्या वजनात पाण्याचाही वाटा असतो, आणि राखेत उरणारे क्षार मात्र मातीतून येतात. आज आपण शिकवतो ते जवळजवळ सारे त्यात आहे. तरी ते रुजले नाही.

कारण शेतकऱ्याचा अनुभव उलट बोलत होता. काळी, भुसभुशीत, खत घातलेली जमीन भरघोस पिकते, पांढरी निकस जमीन पिकत नाही, हे कोणालाही दिसत होते. प्रशियातील आल्ब्रेख्त टेअर हा त्या काळचा शेतीशास्त्राचा सर्वांत प्रतिष्ठित शिक्षक. १८०९ पासून प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने ह्यूमसचा सिद्धान्त युरोपभर नेला. जमिनीची सुपीकता ह्यूमसवर अवलंबून असते आणि पाण्याखेरीज वनस्पतीला अन्न म्हणून मिळते ते ह्यूमसच, असे तो मांडत असे. शेणखताच्या ढिगातून झिरपणारे गडद पाणी हे जणू पिकाचे दूध! आपल्या पातेल्यातला चहा या विचाराच्या अगदी शेजारी बसतो.

या सिद्धान्ताला पहिला जोरदार विरोध कार्ल श्प्रेंगेलने १८२० च्या दशकात केला. ह्यूमसच्या अर्कात जे उपयोगी पडते ते त्यातले क्षार, असे त्याने म्हटले. पण वाजतगाजत निकाल लागला तो युस्टुस फॉन लीबिगच्या १८४० च्या पुस्तकाने. लीबिग भांडखोर होता, आणि त्याची मांडणी वाचताना मजा येते. ह्यूमस पाण्यात विरघळते ते इतके थोडे, की एका हंगामाच्या पावसात उतरलेल्या ह्यूमसमधून पिकातल्या कार्बनचा हिशेब भरूच शकत नाही, हा त्याचा एक मुद्दा. जंगलातून दरवर्षी लाकूड बाहेर जाते, तरी तिथले ह्यूमस घटत नाही, उलट वाढते, हा दुसरा. आणि तिसरा सर्वांत साधा : ह्यूमस वनस्पतींपासून होते, मग पहिली वनस्पती काय खाऊन वाढली?

तरीही तो युक्तिवादच होता. वुडवर्डने न केलेली फोड बाटलीत करून दाखवली ती १८६० च्या सुमारास यूलियुस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी. पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, सल्फेट, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि किंचित लोह एवढेच क्षार घालून, ह्यूमसचा कणही न वापरता, त्यांनी वनस्पती वाढवल्या. ते द्रावण दिसायला स्वच्छ पाण्यासारखेच होते. रंगाचा आणि पोषणाचा संबंध येथे तुटला.

आता चहाकडे वळू. कोऱ्या चहाचा रंग आणि तुरटपणा पॉलिफेनॉल गटातल्या द्रव्यांचा, ज्यांना आपण ढोबळपणे टॅनिन म्हणतो. वनस्पतीची मुळे ती अन्न म्हणून वापरत नाहीत. उलट टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतात आणि मातीत त्यांचे कुजणे मंदावते. क्षारांपैकी चहात चांगल्यापैकी उतरते ते पोटॅशियम : १०० मिलिलिटर कोऱ्या चहात ३५ ते ४० मिलिग्रॅम. फॉस्फरस मात्र सुमारे १ मिलिग्रॅमच. नायट्रोजनची गोष्ट गमतीची आहे. वाळलेल्या चहाच्या पत्तीत तो ३ ते ५ टक्के असतो, पण बराचसा प्रथिनांत अडकलेला असल्याने चोथ्यातच राहतो. पाण्यात उतरतो त्यातला मोठा वाटा कॅफीनचा. कॅफीनमध्ये वजनाने सुमारे २९ टक्के नायट्रोजन आहे, परंतु सूक्ष्मजीवांनी त्याची मोडतोड केल्याशिवाय तो मुळांच्या फारसा कामी येत नाही.

आणि कॅफीन हा काही नुसता निरुपद्रवी प्रवासी नव्हे. कांद्याच्या मुळाच्या टोकावर पेशीविभाजन दाखवण्याचा प्रयोग आपण नेहमी करतो. याच मुळांना कॅफीनचे सुमारे ०.१ टक्का द्रावण दिले तर केंद्रकाचे दोन भाग होतात, पण दोन पेशींमधली भिंत तयार होत नाही आणि दोन केंद्रके असलेली एकच पेशी राहते. पेशीविज्ञानाच्या प्रयोगशाळांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही युक्ती सर्रास वापरली गेली. प्यायच्या चहातले कॅफीन याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे ०.०२ टक्क्याच्या घरात असते. एका कपाने झाड मरणार नाही. पण रोज ओतत राहिलो आणि कुंडीच्या तळाला भोक नसले, तर काय साचत जाईल याचा विचार करावा.

चहा आम्लधर्मी म्हणून माती आंबट करतो, ही भीती आणि हीच आशाही अनेकदा ऐकू येते. चहाचा सामू ५ च्या आसपास असतो हे खरे. पण ते आम्ल अगदी सौम्य असते. चुनखडीचे कण असलेल्या आपल्या दख्खनच्या मातीवर किंवा बोअरच्या जड पाण्यावर त्याचा परिणाम फारसा टिकत नाही. शिवाय आपल्याकडे उरतो तो चहा बहुधा दूधसाखरेचा. त्याने झाडाचे पोषण होत नाही, बुरशी, मुंग्या आणि बारीक चिलटे यांची मात्र सोय होते. तो कुंडीत कधीच घालू नये.

कुंडीत थंड चहा घालण्याची रूढी इंग्रजी घरांतही आहे, आणि तिथे ती विशेषतः नेच्यांशी जोडलेली आहे. या नेच्यांची दिवाणखान्यात प्रतिष्ठापना झाली ती नॅथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरमुळे. १८२९ मध्ये त्याने एका झाकणबंद बाटलीत पतंगाचा कोश ठेवला होता. कोशापेक्षा त्या बाटलीत आपोआप उगवलेला नेचाच त्याला अधिक रंजक वाटला आणि त्यातून काचेची बंद पेटी जन्मली. विशेष म्हणजे अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यूनने १८४८ ते १८५१ च्या मोहिमेत चीनमधून चहाची हजारो रोपे हिमालयाच्या पायथ्याच्या रोपवाटिकांकडे पाठवली. तर, नेचा हा जंगलाच्या सावलीतला, ओलसर पालापाचोळ्यात वाढणारा गडी. त्याला थंड चहा चालून जात असेल, तर त्यावरून निवडुंगालाही चालेल असे मानणे म्हणजे भाताचे वेळापत्रक बाजरीला लावणे होय.

मांसल वनस्पतींचे वेगळेपण प्रथम ध्यानात आले तेही ह्यूमसच्या वादाच्याच काळात. सोस्यूरला १८०४ मध्ये एक विचित्र गोष्ट दिसली होती. फड्या निवडुंगाचे तुकडे अंधारात ठेवले तर ते कार्बन डायऑक्साइड सोडण्याऐवजी शोषून घेत. दुसरे निरीक्षण थेट भारतातले आहे. बेंजामिन हाइन हा जर्मन निसर्गतज्ज्ञ मिशनरी म्हणून तरंगमबाडीला आला आणि पुढे मद्रास इलाख्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत गेला. आपल्या पानफुटीचे पान त्याने दिवसाच्या निरनिराळ्या वेळी चाखून पाहिले. सकाळी ते चुक्यासारखे आंबट लागे, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट. १८१३ मध्ये त्याने हे लंडनच्या लिनियन सोसायटीचे उपाध्यक्ष लॅम्बर्ट यांना पत्राने कळवले आणि ते सोसायटीच्या इतिवृत्तात छापले गेले. उपकरण एकच, जीभ!

या दोन निरीक्षणांचा सांधा पूर्ण जुळायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. या वनस्पती दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात आणि रात्री, हवा गार असताना, उघडतात. रात्री आत आलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपाने पेशींच्या रिक्तिकांत साठवला जातो, म्हणून सकाळी पान आंबट. दिवसा बंद दाराआड त्याच आम्लातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि प्रकाशाच्या साहाय्याने त्याची साखर होते. पानफुटीच्या क्रॅसुलेसी कुलावरून या क्रियेला क्रॅसुलेसियन आम्ल चयापचय असे नाव पडले. बचत किती होते पाहा : साधारण वनस्पतीला एक ग्रॅम शुष्क पदार्थ बनवताना ४०० ते ५०० ग्रॅम पाणी बाष्परूपाने गमवावे लागते, तर या वनस्पतींचे काम ५० ते १०० ग्रॅममध्ये भागते. (वुडवर्डने रोपांचे ओले वजन घेतले होते, तेव्हा त्याचे आकडे यांच्याशी ताडून पाहू नयेत.)

चहाचा खरा अडथळा येथे आहे, आणि तो रसायनापेक्षा वेळापत्रकाचा आहे. घरात चहा उरतो तो रोज, कधी दिवसातून दोनदा. मांसल वनस्पतीच्या कुंडीला पाणी लागते ते माती पुरती सुकल्यावर, आपल्या हवेत एरवी आठ-पंधरा दिवसांनी आणि पावसाळ्यात त्याहूनही कमी वेळा. तिची वाढ संथ, त्यामुळे क्षारांची भूकही थोडी. उरलेला चहा वाया जाऊ नये म्हणून ओतला जातो तेव्हा कुंडीची गरज पाहिली जात नाही, पातेल्याची पाहिली जाते. अशा कुंडीत मुळे कुजतात. त्याचा दोष चहाला द्यावा की पाण्याला, हे मग सांगता येत नाही.

तर मग ह्यूमस अगदीच निरुपयोगी ठरले का? लीबिगचे काही चेले तसे मानू लागले होते, आणि खुद्द लीबिगही नायट्रोजनच्या बाबतीत फसला. पिकाला लागणारा अमोनिया हवेतून पुरेसा मिळतो, असे तो म्हणत राहिला. १८४५ च्या सुमारास बाजारात आणलेले त्याचे खनिज खत साफ अयशस्वी ठरले, कारण क्षार वाहून जाऊ नयेत म्हणून ते इतके घट्ट केले होते की पिकालाही ते मिळेनात. ह्यूमस हे वनस्पतीचे अन्न नसले तरी ते मातीचे कण बांधते, ओल धरते, क्षार सांभाळते आणि असंख्य जीवांना पोसते. टेअरचे निरीक्षण बरोबर होते, स्पष्टीकरण चुकले होते.

या बाजूचा एक मोठा अध्याय इंदूरला लिहिला गेला. १९२४ ते १९३१ या काळात तिथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, मूत्रमाती आणि राख यांचे थर देऊन, ढीग ठराविक दिवसांनी उलथून, थोड्या महिन्यांत चांगले खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाचे सहलेखक होते यशवंत वाड. ही इंदूर पद्धत पुढे ज्या मळ्यांनी हौसेने उचलली, त्यांत चहाचे मळेही होते. उत्तर बंगालच्या डुआर्स भागातल्या गंद्रापारा मळ्याचे वर्णन हॉवर्ड यांनी १९४० च्या ग्रंथात केले आहे. चहाच्या चोथ्याची योग्य जागाही हीच, खताचा ढीग. तिथे त्यातला अडकलेला नायट्रोजन सावकाश मोकळा होतो आणि कॅफीनचीही विल्हेवाट लागते. चोथा किती ठरावीकपणे कुजतो याचा उपयोग आता मोजमापासाठीही होतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक रीत प्रसिद्ध केली. हिरव्या चहाच्या आणि रॉयबॉस या दक्षिण आफ्रिकी वनस्पतीच्या पिशव्या जमिनीत सुमारे तीन महिने पुरायच्या, मग काढून वाळवून तोलायच्या. दोहोंच्या वजनातल्या घटीवरून त्या मातीत कुजण्याचा वेग किती, हे कळते.

शाळेत करण्याजोगे प्रयोग दोन. पहिला हाइनचा, पण जिभेशिवाय. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात आणि ती खाऊन गुरे दगावल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा मुलांना पान चाखू देऊ नये. सूर्योदयाला आणि संध्याकाळी एकेक पान तोडून, सारख्या वजनाचे तुकडे सारख्या पाण्यात वाटून गाळावेत. दोन्हींत फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकून गुलाबी रंग टिकेपर्यंत सोडियम हायड्रॉक्साइडचे अगदी विरल द्रावण थेंब मोजत घालावे. थेंबांची संख्या हेच आम्लाचे माप. द्रावण शिक्षकांनी स्वतः हाताळावे हे बरे.

दुसरा वुडवर्डचा, त्याने न केलेल्या फोडीसह. पानफुटीच्या एकाच झाडाच्या पानांवरची सारख्या आकाराची पिले घेऊन पंधरा सारख्या कुंड्यांत लावावीत. तळाला भोक हवेच. पाच कुंड्यांना साधे पाणी, पाच कुंड्यांना साखर-दूध न घातलेला थंड चहा आणि उरलेल्या पाच कुंड्यांना सल्फेट ऑफ पोटॅशचे द्रावण, एका लिटरला सुमारे पाऊण ते एक ग्रॅम. म्हणजे पोटॅशियम चहाइतकेच, पण रंग, टॅनिन आणि कॅफीन नाही. तिन्ही गटांना एकाच दिवशी, एकाच मापाने आणि माती सुकल्यावरच घालावे. तीन महिन्यांनी रोपे मुळांसकट काढून, धुऊन, सावलीत पुरती वाळवून तोलावीत. कोणत्या कुंडीला काय घातले होते, हे तोलणाऱ्या विद्यार्थ्याला आधी सांगू नये. कुंड्यांवर फक्त क्रमांक असावेत आणि यादी शिक्षकांच्या कपाटात.